हाताला भोक कोणी पाडलं?

अन्याय झाला तो कर्जतमधल्या आमच्या गल्लीतल्या नर्सबाईंवर. गेल्या वर्षी, गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी, दिवेलागणीला, आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, हॉलमध्ये, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. ‘गैरसमज झाला असावा’ वगैरे मी लिहिणार नाही. पत्रकं लिहून लिहून मी एवढं शिकले आहे की पहिल्या ओळीत कोणावर आणि केव्हा हे आलं नाही, तर वाचणारा त्या कागदात भजी बांधतो.

नर्सबाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्या. गल्लीतल्या निम्म्या पोरांना जन्मल्यावर पहिली चापट त्यांनी मारलेली. मलाही. त्या यहुदी, बेने इस्राएल. सासर खालापूरकडचं. घरचा तेलाचा घाणा शनिवारी बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. पुढे घाणा गेला, भाऊबंद इस्राएलला गेले, त्यांची दोन्ही मुलंही गेली. मागे राहिलं ओढ्याकाठचं लहानसं कब्रस्तान. तिथे नवऱ्याचं थडगं आणि त्याला लागून थोडी मोकळी जागा. ‘ती माजी,’ असं त्या सांगायच्या, एसटीत रुमाल टाकून सीट धरल्यासारखं.

आम्ही ख्रिस्ती, तेही नवे. आजोबा बौद्ध झाले ते स्वतःच्या पायांनी चालत जाऊन. आईबाबा येशूकडे आले तेही स्वतःच्या पायांनी. धर्म बदलणं ही आमच्या घरात लाजेची गोष्ट कधीच नव्हती. पण बदलायचा तो ज्याचा त्याने. एवढं आमच्यात न शिकवता येतं, असं मला वाटत होतं.

कल्पना आमच्या पाळकांची, म्हणजे पास्टरांची. यहुदी लोक वल्हांडणाच्या आठ दिवसांत शास्त्रातले ठरलेले भाग वाचतात. पहिल्या दिवशी निर्गमातली, मिसर म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटायची ती रात्र. कोकरू, मरण घरावरून टळावं म्हणून दाराच्या चौकटीला लावलेलं त्याचं रक्त, घाईघाईत खाल्लेली बेखमीर, न फुगवलेली भाकर. शेवटच्या दिवशी यशया संदेष्ट्याचा पाठ. तोडलेल्या बुंध्यातून फुटणारा धुमारा, आणि लांडगा कोकराशेजारी राहील असा दिवस. आम्हीही हेच भाग वाचतो. आमच्यासाठी ते कोकरू म्हणजे येशू आणि तो धुमाराही येशूच. मी हे मनापासून मानते. पाळक म्हणाले, “प्रभू लहानपणी हेच पाठ ऐकत वाढला. शेवटच्या भोजनाच्या रात्री तो ह्याच सणाच्या पंगतीला बसला. आपण ते त्याच्या लोकांच्या तोंडून एकदा तरी ऐकावेत.”

मला हे फार आवडलं. मंडळीत येऊन मला बरीच वर्षं झाली होती, पण ऐकू या असं कोणी पहिल्यांदाच म्हणत होतं. एरवी आम्ही सांगतच असतो.

मी पाळकांना घेऊन नर्सबाईंकडे गेले. सण तोंडावर आला होता. भिंतींना चुना लागला होता, कल्हई केलेली पातेली उन्हात पालथी घातली होती. त्यांनी चहाबरोबर खारीची अख्खी बरणी आमच्यापुढे ठेवली.

“संपवा. परवापासनं घरात फुगलेल्या पिठाचा तुकडा ठेवायचा नाय. पाळकसायेब, लाजू नका, मी तुमाला केरात टाकायच्याऐवजी खायाला घालतेय.”

पाळक हसले. भिंतीतल्या फळीवर एक मडकं होतं, तोंडाला फडकं बांधलेलं. त्यांनी विचारलं. नर्सबाई म्हणाल्या, “आंबट रस हाय. सणात उघडायचा नाय. माज्या आजेसासूच्या वेळी वल्हांडण हा शब्द कोणाला ठाव होता? झाकणाचा सण म्हनायचे. मडकं झाकलं की सण सुरू, उघडलं की संपला. मिसर नि फारो मागाहून शिकलो आमी, पन झाकण नाय इसरलो.”

“म्हणजे बघा,” पाळक पुढे सरसावले, “ही सगळी येणाऱ्या गोष्टींची छाया...”

“चहा घ्या,” नर्सबाई म्हणाल्या. “का तो पन कशाची छाया हाय?”

मी खारीच्या चुऱ्यासकट फुर्रकन हसले. पाळकही हसले. तेव्हा आम्हा तिघांचं एकमेकांशी बरं चाललं होतं, हे मुद्दाम लिहून ठेवते.

दारावर आतल्या बाजूला काचेच्या चौकटीत एक कागद होता. त्यावर माणसाच्या पंजाचा तपकिरी ठसा, पाची बोटं फाकलेली. त्यांच्यात वल्हांडणाला बोकड कापत, त्याच्या रक्तात हात बुडवून कागदावर उठवत आणि तो दाराला लावत. दर वर्षी नवा. “आता आमच्या रीतीनं कापणारा हितं कोणी रायला नाय,” नर्सबाई म्हणाल्या. “म्हणून हा जुनाच ठेवलाय. ह्यांच्या हातचा शेवटचा.”

पाळकांनी विचारलं, “फोटो काढू? माझ्यापुरता, अभ्यासाला.”

“काडा.”

मग वाचनाचं ठरलं. नर्सबाईंनी दोन अटी घातल्या आणि त्या मी शब्दाला शब्द सांगते, कारण तिथे मी होते. एक, पाठ शेवटपर्यंत वाचायचा. “त्यात परक्यानं हे खाऊ नये असं पन लिवलंय. ते मी गाळनार नाय. चालंल?” दुसरी, त्या समोर असताना कोणी अर्थ सांगायचा नाही. “तुमचा अर्थ तुमी मी गेल्यावर सांगा, रात्रभर सांगा. माज्या तोंडावर माजं पुसू नका.”

पाळक म्हणाले, “माझा शब्द.” त्यांनी छातीवर हातही ठेवला. छातीवर ठेवलेल्या हाताला पुरावा म्हणत नाहीत, हे मला आता कळतं.

हॉल म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरचा भाड्याचा मजला. त्या संध्याकाळी खुर्च्या कमी पडल्या. कळंबच्या रिसॉर्टमधली पाळी बदलून आई आली होती आणि पहिल्या रांगेत बसली होती. नर्सबाई पांढऱ्या साडीत आल्या, डोक्यावर पदर घेतला आणि मराठीतून निर्गम वाचू लागल्या. दवाखान्यात औषधं समजावताना लागायचा तोच आवाज, सपाट, घाई नसलेला. चौकटीला रक्त लावा आणि सकाळपर्यंत कोणीही दाराबाहेर पडू नका, इथे पोचल्या तेव्हा हॉलमध्ये पंख्याचाच आवाज होता. हा पाठ मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण दर वेळी क्रुसाकडे जायच्या वाटेवरचा एक थांबा म्हणून. दार बंद करून आत बसलेली माणसं मला कधी दिसलीच नव्हती. आईने माझा हात धरला.

परक्याने हे खाऊ नये, ही ओळ आली तेव्हा त्यांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं आणि सगळा हॉल हसला. चांगलं हसू होतं ते. मग पुढची आज्ञा आली, की कोकराचं एकही हाड मोडायचं नाही.

पाळक उठले आणि त्यांनी माईक घेतला.

हिसकावला नाही. हळूच घेतला, आजारी माणसाच्या हातून पेला घ्यावा तसा. “थांबा! ऐकलंत? एकही हाड नाही! क्रुसावर प्रभूचं एकही हाड मोडलं नाही. हजारो वर्षं हे लोक हे वाचतायत आणि त्यांच्या डोळ्यांवर पडदा आहे!” लोक हालेलुया म्हणाले. नर्सबाई बोट ओळीवर ठेवून उभ्या होत्या. अजून पुढे वाचायचं आहे असं सांगणारं बोट. पाळकांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि ‘आमच्या ह्या आईचा पडदा दूर कर’ अशी मोठ्याने प्रार्थना सुरू केली. कीबोर्डवाल्याने वाजवायला घेतलं. समोर दोन-तीन फोन वर झाले.

त्यांनी पदर सावरला, पुस्तक मिटलं आणि तशाच जिना उतरल्या. मी मागे धावले. खाली दुकानाच्या शटरपाशी त्या चप्पल शोधत होत्या.

“नर्सबाई...”

“दोन-तीन ओळी रायल्या होत्या गं,” त्या म्हणाल्या. “देशातला नि परका, दोघांना एकच कायदा. ती ओळ यायची होती. मला वाटलं, ती ऐकतील नि मग खुशाल काय ते म्हनतील.”

यशयाचा पाठ तर निघालाच नाही.

इथपर्यंत मी हे उत्साहाच्या भरात झालं म्हणायला तयार होते. पण ईस्टरच्या सकाळी मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. नर्सबाई डोकं खाली घालून उभ्या, डोक्यावर पाळकांचा हात, आणि वर अक्षरं: यहुदी मातेने मशीहाला ओळखले. सोबत एक चित्र होतं. दारावरचा तोच पंजा, अभ्यासासाठी काढलेला. पंजाच्या मधोमध संगणकावर काळं भोक पाडलेलं, खिळ्याचं. खाली अक्षरं: तो उठला आहे.

दुपारपर्यंत ते माथेरानला हॉटेलात कामाला असलेल्या माझ्या भावापर्यंत पोचलं. त्याने मला जोडलेल्या हातांचा इमोजी पाठवला, वर विचारलं, “आपल्या नर्सबाई? भारीच की!”

मी नर्सबाईंकडे गेले तर त्यांना आधीच कळलं होतं. पनवेलच्या पुतण्याचा फोन येऊन गेला होता. तिथल्या त्यांच्या प्रार्थनाघरातही व्हिडिओ फिरला होता. पुतण्या वाईट बोलला नाही. तो रडकुंडीला आला होता. काकी, लोक विचारतात तुम्ही बाप्तिस्मा घेतलात का. उद्या काही झालं तर तुम्हाला काकांच्या शेजारी ठेवताना प्रार्थनेला आपल्यातली दहा माणसं लागतील, ती मी आणू कुठून? कोणी येईल का?

म्हणजे ती मोकळी जागा. रुमाल टाकून धरलेली.

नर्सबाईंनी चित्र मोठं करून मला दाखवलं. “हा ह्यांचा हात हाय,” त्या म्हणाल्या. “ही बघ करंगळी वाकडी, घाण्यात सापडलेली. ह्याला भोक कोणी पाडलं गं?”

मी तडक पाळकांकडे गेले.

“तो व्हिडिओ ग्रुपवरून काढून टाका. आणि रविवारी उभं राहून सांगा की नर्सबाई यहुदी होत्या आणि यहुदीच आहेत. आपण शब्द मोडला.”

“बाळ, हे प्रेमापोटी केलंय.”

“शब्द दिला होतात.”

“आत्म्याने प्रेरणा दिली तेव्हा मी अटी बघत बसू? त्यातून एक जरी जीव वाचला...”

“एका म्हातारीची मरणानंतरची जागा जातेय.”

“खरी जागा स्वर्गात आहे,” ते म्हणाले. माझ्या डोक्यावर हात ठेवायला त्यांनी हात उचलला आणि मी मागे सरकले.

पुढच्या रविवारी मी सभेत उठून बोलले. अर्ध्यात कीबोर्ड सुरू झाला. घरी येताना आई चिडली होती. “पाळकांना असं चारचौघांत बोलतात का गं? आन् खोटं काय हाय त्यात? कोकरू म्हंजे येशूच की.”

“येशूच. पण आपल्यासाठी, आई. तिच्या नवऱ्याचा हात म्हणजे येशूचा हात नाही.”

रेल्वेफाटकापाशी गाडी जायची वाट बघत उभे होतो. फाटक उघडलं तेव्हा ती म्हणाली, “मला बाळंतपणात त्या बाईनं सकाळपर्यंत सोडलं नाय. दार लावून बसली होती माज्यापाशी.”

त्या पाठांचा आपल्यासाठी अर्थ काय, हे मी तेव्हापासून शोधते आहे. घरी बसून यशयाचा तो राहिलेला पाठ वाचला. लांडगा आणि कोकरू एकत्र राहतील. नर्सबाई मानतात की तो दिवस यायचाच आहे. मी मानते की तो आणणारा येऊन गेला आणि पुन्हा येणार आहे. पण आज, आत्ता, कर्जतमध्ये लांडगा कोकराशेजारी बसलेला नाही, हे तर दोघींनाही दिसतं. म्हणजे वाट मीही बघते आणि त्याही. ह्या पाठाने आपल्याला त्यांच्याशेजारी बसवलं असतं. आपण त्यांच्या डोक्यावर उभे राहिलो. ज्या प्रभूने ह्याच सणाच्या पंगतीला बसून, आपल्याला धरून देणाऱ्या शिष्यालाही घास दिला, त्याच्या नावाने आपण पंगतीच्या मालकिणीला धरून दिलं.

ग्रुपवरून व्हिडिओ अजून काढलेला नाही. पनवेलहून अजून कोणी आलेलं नाही. यंदाच्या सणाला नर्सबाईंनी मडकं झाकलं, घर झाडलं, पण दारावरचा कागद उतरवून कपाटात ठेवला. “तो हात आता कोणाला दाखवायचा नाय,” म्हणाल्या.

आईने मात्र एक केलं. तिने तो व्हिडिओ खोपोलीच्या मावशीला पाठवला होता. मावशीला फोन लावून ती माझ्यासमोर म्हणाली, “अगं, ते खोटं होतं. नर्सबाई यहुदीच हायत. तू पुढं कोणाला धाडलंस? त्यांना पन सांग. आत्ताच सांग.” फोन ठेवून तिने तो व्हिडिओ पुसला. ग्रुप मात्र तिने सोडला नाही. ती अजून पहिल्या रांगेतच बसते. त्यावरून आमचं रोज भांडण होतं.

हे वाचणारे तुम्ही बहुतेक आमच्यातलेच आहात. तुमच्या फोनमध्ये वाकड्या करंगळीचा, मधोमध भोक असलेला हात आहे का ते बघा. असेल तर नुसता पुसून गप्प बसू नका. ज्याला पाठवलात त्याला फोन लावा आणि आपल्या तोंडाने सांगा की ती बाई यहुदी आहे, तिने काहीही ‘ओळखलेलं’ नाही, आणि तो हात तिच्या नवऱ्याचा आहे. पनवेलपर्यंत ते खोटं आपण पोचवलं, तर खरंही आपणच पोचवायचं. त्या म्हाताऱ्या आहेत. आत्ता लावा फोन.