मागच्या दाराचा झोन

आर्म म्हणजे चालू आणि डिसार्म म्हणजे बंद, एवढं सरळ लिहायला त्या पुस्तिकेतल्या माणसाचं काय जात होतं, मला अजून कळलेलं नाही. स्टे, अवे, झोन, बायपास, ट्रबल, टॅम्पर. चाळीस पानं इंग्रजी आणि मागे दोन पानं हिंदी. त्या हिंदीत 'प्रवेश विलंब' असा एक शब्द होता. मी बी.एड. झालेली बाई, वीस वर्षं पोरांना शिकवलेली, आणि त्या शब्दापाशी सकाळचा चहा गार होईपर्यंत बसून राहायची.

ही गोष्ट दोन हजार दहाच्या आसपासची. आमगावच्या घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. मी नऊच्या बसने देवरीकडच्या शाळेत जायची, परतायला सहा वाजायचे. त्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत भरदुपारी चोरी झाली. आईला ऐकू कमी येतं, गुडघे धरलेले. तिच्या काळजीने मी गोंदियाच्या एका दुकानातून अलार्म बसवून घेतला. कोणी सांगितलं नव्हतं, माझाच उपद्व्याप.

बसवायला आलेला माणूस गोंदियाचा, हिंदी बोलणारा. दोन्ही दारांना चुंबकाची पट्टी लावली, समोरच्या दाराजवळ आकड्यांची पेटी ठोकली आणि विचारलं, "मॅडम, घरवाले किस दरवाज़े से आते-जाते हैं?"

आता खरं सांगायचं तर आमच्याकडे समोरचं दार पाहुण्यांसाठी असतं. पाहुणे, पोस्टमन, मतं मागणारे समोरून येतात. आपली माणसं वाडीतून, म्हणजे परसातून, मागच्या दाराने, न विचारता थेट चुलीपर्यंत येतात. पण शहरातल्या माणसासमोर हे सांगायची मला कोण जाणे कसली लाज वाटली. "सामने से," मी म्हटलं. त्याने मान हलवली, पेटीवर काहीतरी दाबलं आणि जेवून गेला.

मागच्या घरची म्हातारी आईची मैत्रीण. मी तिला मावशी म्हणते. रोज अकराच्या सुमारास ती वाडीतून यायची, पदरात कधी भाजीला लाखोरीचा कोवळा पाला, कधी पोपटीच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा. दोघी चुलीपाशी बसून सोलायच्या, निवडायच्या, तीन वाजेपर्यंत. आईला ऐकू येईल इतक्या मोठ्याने, न वैतागता बोलणारं जगात तेवढं एकच माणूस होतं. माझ्याच्याने ते होत नाही, हेही कबूल करते.

दुसऱ्या दिवशी मी पेटी 'स्टे'वर लावून शाळेत गेले. घरात माणूस असताना स्टे, एवढं मला समजलं होतं. मावशीला समजावेन म्हणून ठरवलं होतं, पण बस चुकेल म्हणून राहिलं. अकरा वाजता मावशीने मागचं दार ढकललं आणि भोंगा कोकलला. गल्लीतले चार लोक काठ्या घेऊन वाडीत धावले. समोर कोण, तर पाला सांडलेली म्हातारी. कोणीतरी हसलं म्हणे. मावशी पाला तसाच टाकून घरी गेली. आईला पेटी बंद करता आली नाही. शेजाऱ्याने माझ्या शाळेत फोन करून ती बंद करायचे आकडे विचारले, म्हणजे आकडे गल्लीभर झाले ते वेगळंच.

मी पुस्तिका घेऊन बसले. प्रवेश विलंब म्हणजे दार उघडल्यापासून भोंगा वाजेपर्यंत आकडे दाबायला मिळणारी सवड. ती तीस सेकंदांवरून साठ केली. मागचं दार उघडून पाहिलं, लगेच कोकलला. नव्वद केली, पुन्हा तेच. आई म्हणाली, "काऊन बोंबलून राहिला हा? घरचे लोकं ओळखत नाही का?" मी तिच्यावरच खेकसले. वर लोडशेडिंग सुरू झालं की पेटीवर 'ट्रबल' उमटायचं आणि ती पीं पीं करायची.

शेवटी गोंदियाला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, पीछे का दरवाज़ा इन्स्टंट ज़ोन है. उसमें डिले होता ही नहीं. आपने ही तो बोला था, सब सामने से आते हैं."

"कब आओगे?" एवढंच मी विचारलं. आठ दिवसांनी तो आला, मागच्या दाराचा झोन बदलून गेला. तोवर मावशी आली नव्हती. आई अकरा वाजता शेंगांची टोपली पुढ्यात घ्यायची आणि तशीच ठेवून द्यायची, हे मला सुट्टीच्या दिवशी दिसलं.

मी मावशीच्या घरी गेले. झोन, डिले, सगळं समजावलं. जणू ती यंत्राची अडचण होती. तिने शांतपणे ऐकलं. "चोराले धराचं यंत्र हाय ना, पोरी? मंग माह्यासाठी कायले बदलवतं? राहू दे."

"मावशी, रागावलीस का?"

"नाही वो. येतो ना मी."

आणि आली खरंच. रविवारी घंटी वाजली. समोरच्या दारात मावशी, धुतलेलं लुगडं नेसून, चपला पायरीखाली काढून उभी. मी "ये, ये" म्हटलं तरी आत बोलावल्यावरच आली. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसली. आई म्हणाली, "चुलीपाशी चाल ना."

"इथंच बरी हाव," मावशी म्हणाली. कपबशीतून चहा प्यायली, माझ्या शाळेचं विचारलं आणि दहा मिनिटांत "येतो" म्हणून उठली. आईला तिचं निम्मं बोलणं ऐकूच गेलं नाही, कारण पाहुणीसारखं ती हळू बोलत होती.

त्याच संध्याकाळी मी मागच्या दाराची पट्टी पेचकसाने उपसून काढली. बोट कापलं, राग यंत्रावर होता की माझ्यावर, कळेना. आई बघत होती.

"तिले कधी बलावलं नोहोतं मी," ती म्हणाली. "आता बलवा लागते."