कुणाला दुरुस्ती सुचवायची आहे का?

"घडलं तेवढंच लिहिते हं मी," असं म्हणून बाई पेनाचं टोपण काढायच्या आणि ते डाव्या मुठीत धरून ठेवायच्या. सभा संपेपर्यंत ती मूठ उघडायची नाही. टोपण परत पेनाला लागलं की आम्ही सैल होऊन बसायचो. आता काहीही बोललं तरी ते कागदावर जाणार नव्हतं.

तालुक्यातल्या जीवशास्त्र शिक्षकांच्या संघटनेचा मी अध्यक्ष आणि बाई कार्यवाह. अध्यक्षाने हार घालून घ्यायचे आणि बाकीचं सगळं कार्यवाहाने करायचं, हे तुम्हीही कुठल्या ना कुठल्या संस्थेत पाहिलं असेल. आमच्याकडेही तसंच होतं. मी लोणावळ्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचो, बाई मळवलीच्या बाजूच्या एका शाळेत. राहायला वलवणला. सभेची पत्रं काढणं, सराव परीक्षेचे पेपर तपासायला वाटणं, कुणाच्या शाळेतला सूक्ष्मदर्शक बिघडला तर पिशवीत घालून पुण्याला दुरुस्तीला नेणं, ही कामं बाईंची. मी छान बोलायचो. मला तसं वाटायचं तरी.

बाई जे इतिवृत्त लिहायच्या तसं मी दुसरं पाहिलेलं नाही. दुसरीकडे 'चर्चा झाली व ठराव एकमताने मंजूर झाला' एवढ्यावर भागतं. बाईंच्या वहीत असायचं, 'अध्यक्षांनी पंचेचाळीस मिनिटे भाषण केले. मूळ विषय राहून गेला.' किंवा, 'चहा गार होता. तक्रार कुणी केली नाही.' पुढच्या सभेत हे वाचलं जायचं आणि सगळे हसायचे. मीही हसायचो, पण आतून चरफडायचो.

एकदा त्यांना बाजूला घेऊन मी म्हटलं की बाई, ते मूळ विषयाचं वाक्य काढून टाका ना. बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "पुढच्या सभेत दुरुस्ती सुचवा. सभेनं मान्य केली तर मी स्वतः खोडते."

पद्धत तशीच होती. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचं, अध्यक्षाने विचारायचं, "कुणाला दुरुस्ती सुचवायची आहे का?" कुणी काही बोललं नाही, तर खाली अध्यक्षाने सही करायची. सही झाली की त्या वहीत कुणाला काना-मात्रा बदलता यायची नाही. बाईंचा या पद्धतीवर विलक्षण विश्वास होता. त्या म्हणायच्या, माणूस सभेत भांबावतो, खोटंही बोलतो, म्हणून त्याला एक महिना विचार करायला दिलेला असतो.

मळवलीच्या वरच्या अंगाला एक सडा आहे, उघड्या कातळाचं पठार. पावसाळ्याच्या शेवटी तिथे कातळाच्या खाचेत कंदीलपुष्प उगवायचं. बोटभर उंचीचं फूल, कंदिलासारखं पोट फुगलेलं, हिरवट, आत जांभळी झाक. हे रोप जमिनीखालच्या कंदातून दर वर्षी वर येतं. फूल तोडलं तरी एक वेळ चालतं, पण कंद निघाला की त्या जागी पुढच्या वर्षी काही नाही. बाईंना ती जागा सड्याखालच्या वाडीतल्या एका मावशींनी दाखवली होती. मावशी तिथे गुरं चारायच्या. दाखवताना अट घातली होती की बाहेरच्या कुणाला सांगायचं नाही. बाई दर वर्षी तिथे जायच्या, गुडघ्यावर बसून रोपं मोजायच्या, छोट्या वहीत आकडा लिहायच्या आणि परत यायच्या. हात लावायच्या नाहीत.

बाईंच्या बोलण्यातून एकदा मला हे कळलं आणि माझ्यातला अध्यक्ष जागा झाला. एवढी दुर्मीळ वनस्पती आपल्या तालुक्यात आणि आपल्या सदस्यांनी ती पाहिलेली नाही, हे मला खटकलं. मी क्षेत्रभेट जाहीर करून टाकली. बाईंनी आढेवेढे घेतले. मग मावशींना जाऊन विचारलं, मास्तर लोक आहेत, हात लावणार नाहीत, असा शब्द दिला आणि मला जागा सांगितली. नेमकी त्याच दिवशी त्यांच्या शाळेची तपासणी निघाली. त्या येऊ शकल्या नाहीत. आदल्या दिवशी फोनवर म्हणाल्या, "सर, तेवीस रोपं आहेत. बघायची आणि परत यायचं." मी म्हटलं, बाई, आम्ही काय पोरं आहोत का?

आम्ही चोवीस जण गेलो. हवा सुंदर होती, मी रंगात आलो होतो, कंदीलपुष्पात किडे कसे अडकतात हे मी फार रंगवून सांगितलं. मग एका शिक्षकाने विचारलं, "सर, शाळेच्या संग्रहासाठी एक घेऊ का?"

आता आम्हा जीवशास्त्रवाल्यांची खोड तुम्हाला सांगायला हवी. वनस्पतीचा नमुना म्हटला की तो मुळासकट हवा. मूळ, खोड, पान, फूल, सगळं कागदावर दिसलं पाहिजे. मूळ नसलं तर आम्ही मुलांचे गुण कापतो. त्यामुळे 'एक घेऊ का' याचा अर्थ कंदासकट घेऊ का असाच होता आणि तो मला कळला होता. मी उदार होऊन म्हणालो, "घ्या, एकेक घ्या. मुलांना दाखवायला होईल."

एकेकच घेतलं सगळ्यांनी. अधाशीपणा कुणी केला नाही. चाकूच्या टोकाने अलगद माती उकरून, कंदाला इजा न करता, ओल्या कागदात गुंडाळून घेतलं. एका शिक्षिकेला रोप मिळालं नाही तेव्हा सगळे हळहळले. तालुक्याला जीवशास्त्र शिकवणारी चोवीस माणसं तिथे उभी होती आणि सड्यावर आता काय उरलं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. वर आम्ही रोपं हातात धरून फोटो काढला. तो मीच सगळीकडे पाठवला.

बाईंनी फोटो पाहिला. फोनवर एवढंच म्हणाल्या, "उद्या वाडीवर जायचंय. तुम्ही चला."

मावशी दारात बसल्या होत्या. त्यांना सगळं ठाऊक झालेलं होतं, गुरं घेऊन त्या वर जाऊन आल्या होत्या. त्या बाईंना म्हणाल्या, "बाई, तुमी म्हनला हुता, मास्तर लोक हायती. हात लावनार न्हाईत." मग विचारलं, "कुनी काडाय लावली?"

मी तिथेच होतो, बाईंच्या मागे दोन पावलांवर. तोंड उघडायला मला कुणी अडवलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "माझ्याच माणसांनी नेली, मावशी. म्हणजे मीच नेली." मी पायातल्या बुटांकडे बघत राहिलो. नवे होते, सड्यावरचा चिखल लागला होता.

फोटो जायचा तिथवर पोचला. जिल्ह्याच्या शाखेने खुलासा मागितला, वर्तमानपत्रातही चार ओळी आल्या. माझं त्याच महिन्यात उपप्राचार्यपदासाठी नाव गेलं होतं. कार्यकारिणीची सभा बोलावली. एका सदस्याने सरळ विचारलं, रोपं काढायला परवानगी कुणी दिली? जे सड्यावर आले होते ते सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मग सभ्यपणे टेबलाकडे. मी घसा खाकरला. पाणी प्यालो. बाईंनी टोपण काढून मुठीत धरलं होतं, पेन कागदावर टेकवलं होतं आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. विद्यार्थ्याला उत्तर येतंय हे माहीत असलं की आपण जसे थांबतो, तशा थांबल्या होत्या.

मी बोललो नाही.

मग बाई लिहू लागल्या आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागल्या. 'जागा कार्यवाहांनी दाखवली. रोपे घेण्यास कार्यवाहांनी परवानगी दिली होती. चूक त्यांची आहे. त्या पदाचा राजीनामा देत आहेत.' पेनाला टोपण लावलं आणि वही माझ्यासमोर सरकवली.

जिन्यात मी त्यांना गाठलं. म्हटलं, बाई, हे काय लिहिलंत? तुम्ही तर तिथे नव्हतासुद्धा.

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते," बाई म्हणाल्या. "आज पहिल्यांदा घडलं नाही ते लिहिलंय. माझी निवृत्ती जवळ आली, तुम्हाला अजून बारा वर्षं मुलांसमोर उभं राहायचंय. पण पुढच्या सभेत हे वाचतील, सर. एक महिना आहे."

त्या महिन्यात मी कितीदा तरी ठरवलं. आंघोळ करताना, वर्गात फळा पुसताना, मनातल्या मनात वाक्यंही जुळवली. सभा आली. बाईंची खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. नव्या कार्यवाहांनी इतिवृत्त वाचलं, बाईंची वाक्यं त्यांच्या आवाजात फारच परकी वाटली. मग पद्धतीप्रमाणे मीच विचारलं, "कुणाला दुरुस्ती सुचवायची आहे का?"

कुणालाच सुचवायची नव्हती. मी सही केली.

पुढच्या आठवड्यात मी उपप्राचार्य झालो. बाईंनी अभिनंदनाचं कार्ड पाठवलं, दोन ओळींचं. त्यानंतर त्या संघटनेत आल्या नाहीत. मी वलवणला त्यांच्याकडे जाणार होतो. जाणार होतो, जाणार होतो, असं म्हणता सहा वर्षं गेली आणि यंदा पावसाळ्यात त्या गेल्याची बातमी आली. शोकसभेत मी बोलायला उभा राहिलो. बाई किती प्रामाणिक होत्या हे मी सांगितलं. लोकांचे डोळे भरून आले. मी छान बोलतो, हे मी मघाशी म्हटलंच.

दुसऱ्या दिवशी मात्र घरात बसवेना. वाडीवर गेलो. मावशी आता थकल्या आहेत, पण मला त्यांनी ओळखलं. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, मावशी, बाई त्या दिवशी सड्यावर नव्हत्या. रोपं घ्यायला मी सांगितलं होतं.

"ठावं हाय," मावशी म्हणाल्या. "तवा बाई माझ्याकडं बघत हुत्या. तुमी बुटाकडं."

मग त्यांनीच सांगितलं की बाई दर वर्षी येत होत्या, गेल्या वर्षीसुद्धा, काठी टेकत. वर जायच्या, गुडघ्यावर बसून कातळाची एकेक खाच बघायच्या.

मी विचारलं, "काही सापडायचं का?"

"काय न्हाई. तरी वहीत लिवायच्या." आत जाऊन त्यांनी ती छोटी वही आणून दिली. बाई ती त्यांच्याकडेच ठेवून गेल्या होत्या. शेवटच्या पानावर तारखा होत्या, सहा, आणि प्रत्येकीपुढे शून्य. प्रत्येक शून्याखाली बाईंची लहानशी सही.

मी वर गेलो. गवत ओलं होतं. मावशींनी सांगितलं होतं तसा, बाईंसारखा, गुडघ्यावर बसलो आणि सगळ्या खाचा पाहिल्या. दोनदा पाहिल्या. मग खिशातून पेन काढलं, टोपण डाव्या मुठीत धरलं आणि बाईंच्या तारखांखाली आजची तारीख घालून शून्य लिहिलं. सही करायला हात धजला नाही.