चौदा नंबरचा अंगठा

कसबा बावड्याची तानाबाई बावीस वर्षं सरकारी दवाखान्यात मावशी म्हणून राबत होती. रक्त, पू, ओकारी काढताना तिनं कधी नाक मुरडलं नाही. किळस काय असते, ते तिला त्या बुधवारी कळलं.

चौदा नंबरच्या खाटेवर मलकापूरचे सयाजीआण्णा होते. पडून पडून त्यांच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. त्यांची कूस बदलायला तिच्याशिवाय कुणी फिरकत नव्हतं. सोमवारी ते गेले.

बुधवारी कारकुनानं तिच्यापुढं कागदांचा गठ्ठा आणि शाईचं पॅड आपटलं.

"मावशी, उद्या तपासणी हाय. पेशंट समाधानी हाईत का, त्यावर दवाखान्याला मार्क मिळणार. मी समदं भरलंय, तुमी तेवढं अंगठं घिऊन या."

तानाबाई सातवी शिकलेली. तिनं गठ्ठा चाळला. तिसऱ्याच कागदावर सयाजीआण्णांचं नाव होतं. सेवा कशी वाटली? उत्तम. पुन्हा याच दवाखान्यात याल का? होय.

तिनं तो कागद उपसून पॅडवर ठेवला. पॅड तिनं कारकुनाच्या अंगावर ढकललं.

"ह्यो अंगठा तुमीच आणा, सायेब. आज मलकापुरात त्यांचं सावडणं हाय. राखंत गावला तर बघा की!"