अर्धलीचे उंदीर

उंदीर पाळणं सोपं आहे, त्यांच्या पिल्लांना घर शोधणं म्हणजे डोक्याला ताप. साताऱ्यात पिल्लं द्यायची आहेत म्हटलं की एक जण सापाला घालायला मागतो आणि दुसरा "आमच्या घरचे तुम्हीच घेऊन जा" म्हणून दात काढतो. म्हणून माझा नियम होता, घरं आधी पक्की करायची, जोडी मग लावायची. नरांचा पिंजरा वेगळा, माद्यांचा वेगळा. आणि उन्हाळ्यातली वीण शेवटची, असं मी नवऱ्याला कबूल केलं होतं. गॅलरीत कपडे वाळत घालायलाही जागा उरली नव्हती.

त्या विणीतल्या दोन बहिणी मी नवऱ्याच्या पलटणीतल्या मित्राला दिल्या. रिटायर झाल्यापासून हे भाऊजी आटपाडीकडे आपल्या गावी मेंढरं राखतात. घरी आले तेव्हा काळ्या डोक्याची मादी त्यांच्या बाहीतून शिरून थेट गळ्याशी जाऊन बसली. "वैनी, लय गुणी जनावर हाय," म्हणाले. एकटा उंदीर झुरतो, म्हणून दोघी दिल्या. पैसे विचारले, तर मी म्हटलं, "नकोत. नीट सांभाळा. आणि नर मी देणार नाही." त्यांनी समजल्यासारखी मान हलवली.

दिवाळीनंतर भाऊजी एसटीने आले. हातात भोकं पाडलेला खोका.

"बारा झाली," त्यांनी खोका टेबलावर ठेवला. "दाणं खाया लागलीत, तरी अधनंमधनं पीत्यात, म्हणून आयांना बी संगं आणलं. दोघी मिळून पाजत्यात. सहा तुमची, सहा आमची. मालकानं आदी निवडायचं."

"कोण मालक?"

"तुमी. अर्धलीनंच दिल्या न्हवं? पैसं घेतलं न्हाईसा, नर बी दिला न्हाईसा. तवा मिरजंवरनं पांढराफेक नर मीच आणला."

त्यांच्याकडे शेळी अशी अर्धलीने देतात. शेळी मालकाचीच राहते, राखणारा ती राखतो आणि पिल्लं निम्मी निम्मी. मी फुकट दिलं असेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

माझा आवाज चढला. "अहो भाऊजी, ही पिल्लं मी कुणाच्या गळ्यात बांधू?"

"काळजी नगं. गावात चौघांना अर्धलीनं द्यायचं बोललोय मी."

चार घरांत नर-मादी एकत्र, महिन्याला एक वीण. माद्या झिजून मरणार, पिल्लं नकोशी होणार, आणि नकोशा उंदराचं लोक काय करतात ते मला माहीत आहे. हे सगळं मी त्यांना सांगितलं, दोनदा सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते आणि शेवटी एवढंच म्हणाले, "वाटा न्हाई घेतला तर मी तुमाला फसवल्यागत व्हईल." इतकी चीड आली मला! माणूस लबाड असता तर भांडता तरी आलं असतं.

मग एकदम सुचलं. पहिली निवड माझी होती ना? एकेक पिल्लू उचलून शेपटीखाली पाहिलं. पाचच माद्या निघाल्या. त्या पाचही घेतल्या आणि आकडा जुळवायला एक नर. त्यांच्या वाट्याला उरले नुसते नर.

"आणि अर्धलीचंच म्हणता, तर या दोघी माझ्याच," मी म्हटलं. "मला परत हव्यात."

भाऊजींचा चेहरा उतरला. त्यांनी काळ्या डोक्याचीच्या कानामागे बोटाने जरा खाजवलं. "तुमचंच जनावर हाय," म्हणाले आणि आपली सहा पिल्लं खोक्यात घेऊन उठले. मला वाईट वाटलं, पण सुटकाही झाली. आता त्यांच्या गावात वीण होणार नव्हती.

काळ्या डोक्याचीला पिंजऱ्यात ठेवायला उचललं आणि नीट पाहिलं. पोट दोन्ही बाजूंनी टम्म. विणीनंतर त्यांनी नर बाजूला काढलाच नव्हता.

"दोघीबी भरल्यात," भाऊजी दारात चप्पल घालत म्हणाले. "गाभ आमच्या दारात राहिलाय, म्हंजी त्यातलीबी निम्मी आमची. आन् ह्या खेपंला पयली निवड आमची हां, वैनी."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. पण कुठल्या तोंडाने म्हणणार? त्यांची अर्धली मी पाच मिनिटांपूर्वीच मान्य करून बसले होते.