पाहुण्यानं नेलेली ओवी

सासूने पोर माझ्या अंगावरून ओढून घेतलं तेव्हा ते पीत होतं. तोंड सुटलं, दूध चोळीवर सांडलं आणि पोर किंचाळलं. मी ओटीच्या पायरीवर उभी होते, सासू आत.

"पोर आमच्या घरचं हाय," ती म्हणाली. "तू तुझी वाट धर."

"अंगावर पिते ती, आत्याबाई."

"शेळी हाय दावणीला."

सासरे अंगणात गाडीचे बैल सोडत होते. त्यांनी मान वर केली नाही. मी आत शिरायला गेले तर सासूने दार पुढे लोटलं आणि फटीतून म्हणाली, "जात्यावर गायलीस तेव्हा मी कान बंद केले. रोज केले. आता सगळ्या महाडाचे कान कसे बंद करू गो?"

एवढं बोलून तिने कडी लावली. पोर आत रडत राहिलं.

आम्ही नुकतेच महाडाहून व्याख्यान ऐकून आलो होतो. व्याख्याता मुंबईच्या विद्यापीठातला प्रोफेसर होता. हिवाळ्यात तो आमच्याच ओटीवर पाहुणा म्हणून राहून गेला होता. बायकांच्या गाण्यांवर त्याचं संशोधन चाललं होतं, पण हे त्याने सासऱ्यांना सांगितलं, आम्हाला नाही. आम्हाला वाटलं, हवापालटाला आलाय. कागद काढला की बाया गप्प होतात हे तो कुठूनतरी शिकून आला होता. म्हणून तो पहाटे नुसता घोंगडी पांघरून पडून राही आणि माजघरात मी नाचणी दळताना काय म्हणते ते ऐके. त्याच्या डोक्यात एकदा गेलेलं पुसलं जात नसे. देवाने दिलेली अशी बुद्धी त्याने दुसऱ्याच्या घरात कान लावायला वापरली.

जात्याचा आमच्याकडे एक कायदा होता. तो कोणी लिहिलेला नव्हता. जात्यावर सून काय वाटेल ते म्हणू शकते, सासूला, नवऱ्याला, देवालासुद्धा. भिंतीपलीकडे शब्दन्‌शब्द ऐकू जातो, पण ऐकलं असं कोणी दाखवत नाही. सासूही कधीकाळी सून होती, तिनेही तिच्या सासूला त्याच दगडावर दळलेलं असतं. दळण संपलं की बोलणं संपलं. हे आमच्या गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. प्रोफेसरला ठाऊक नव्हतं.

महाडात वाचनालयाच्या अंगणात मांडव घातला होता. वकील, शाळामास्तर, पेठेतले व्यापारी पुढे बसले होते, आम्ही बायका एका बाजूला. सासऱ्यांना प्रोफेसरने मुद्दाम निरोप धाडून बोलावलं होतं आणि पहिल्या रांगेत बसवलं होतं. सासऱ्यांनी त्या दिवशी नवं पागोटं बांधलं होतं.

प्रोफेसर उभा राहून म्हणाला, "विद्यापीठातलं ज्ञान चार भिंतींत राहू नये. मी आज तुमचंच तुम्हाला परत द्यायला आलो आहे." टाळ्या पडल्या. मग त्याने ओव्या म्हणायला सुरुवात केली. गळा बरा होता. आणि मग म्हणाला, "ही पुढची ओवी माझ्या यजमानांच्या घरची. त्यांच्या सूनबाईंच्या मुखातून मी ती ऐकली," आणि सासऱ्यांकडे बघून त्याने हात जोडले.

सासू माझी वाढी मापून मापून पेज,
मामंजींची वाट नदीपल्याड रोज.

नदीपल्याड कोण राहते हे गावाला माहीत होतं. महाडाला माहीत नव्हतं, पण महाडात हुशार माणसं होती. एकजण हसला, मग रांगच्या रांग हसली. प्रोफेसर सासुरवासावर बोलत राहिला. त्याला वाटलं, लोकांना गोडी लागलीय. सासरे पागोट्याखाली दगडासारखे बसले होते. सासूने माझ्या दंडाला धरलं ते गाडीत बसेपर्यंत सोडलं नाही.

त्याने आमचा मानच केला होता. मला हे तेव्हाही कळत होतं. त्याने माझा राग कमी झाला नाही, वाढला.

मी चालत माहेरी गेले, पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. छातीत दुधाच्या गाठी झाल्या. आईने शेकून शेकून त्या मोकळ्या केल्या आणि दूध मातीवर पिळायला लावलं. मुंबईला गिरणीत असलेल्या नवऱ्याला निरोप धाडला. उलट निरोप आला की बापापुढे मी काय बोलू. या गोष्टीत त्याचं एवढंच काम.

सासरच्या गावची एक बाई बाजाराला यायची. तिच्याकडून कळायचं. पोर शेळीचं दूध ओकतंय. मग कळलं, रडायचं थांबलंय, नुसतं बघतं. ते ऐकलं तेव्हा मी आईला म्हटलं, आता पोर घरी आणायचं आणि ज्या पाहुण्यापायी गेलं त्यालाच आणायला लावायचं.

"आन तो काय ऐकेल गो तुझं?" आई म्हणाली.

"त्याचा धंदा ऐकण्याचाच हाय," मी म्हटलं.

मी जात्यावर बसले.

मुंबईचा पाहुणा ओटीवर जेवला,
घरातला घास त्यानं बाजारात नेला.

शाल पांघरून पाहुणा मिरवतो,
लेक माझी रडे, तिला दूध कोण देतो.

बाजाराच्या दिवशी पोलादपुरात मी त्या ओव्या बायकांच्या घोळक्यात म्हटल्या. पुढच्या बाजाराला त्या माझ्या आधी तिथे पोचल्या होत्या. पाणवठ्यावर, लाकडाच्या मोळीखाली, जिथे तिथे. कोणी दोन ओळी आपल्या पदरच्याही घातल्या, त्या इथे सांगण्याजोग्या नाहीत.

शिमग्याच्या आधी प्रोफेसरचं पोलादपुरात व्याख्यान ठरलं. शाळेच्या अंगणात. अध्यक्ष महाडचे एक वकील. डोंगरातल्या वाड्यावाड्यांतून बायका उतरल्या. एवढ्या बायका बघून तो फुलला. म्हणाला, "आज मी बोलणार नाही. आज माता-भगिनींनीच एखादी ओवी म्हणावी."

"म्हणू का?" पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली. "मग नाय म्हणू नका हां, पाव्हणं."

आणि सगळ्या मिळून त्याच्यावरचीच ओवी म्हणू लागल्या. पहिली ओळ ऐकताना तो मान डोलावत होता. दुसरीला मान थांबली. बायका थांबल्या नाहीत. बाप्ये हसायला लागले, तसेच, महाडात हसले होते तसे. मी त्याच्याकडे बघत होते. माझं पोट निवत होतं.

मी उठले आणि पोराचं काय झालं ते सांगितलं. त्याचा चेहरा पडला. त्या चेहऱ्याचं मला काही करायचं नव्हतं.

"बाई, मला कल्पना नव्हती," तो म्हणाला. "मी काय करू सांगा."

"माझ्या सासऱ्यांच्या अंगणात उभे राहा आन गावासमोर सांगा की ती ओवी तुम्हीच रचली. मी नाय गायले."

"पण ती तुमचीच आहे. मी स्वतः ऐकली. असं खोटं मी कसं सांगू? माझ्या शास्त्राला…"

"मग माझ्या पोरीला शास्त्र पाजा."

म्हातारी म्हणाली, "जाऊ दे गो त्याला. पण पाव्हणं, इथनं महाडापातूर एक जातं तुमच्यापुढे बोलायचं नाय. तुमच्यामागे मात्र सगळी बोलतील."

दुसऱ्या दिवशी वकिलांना बरोबर घेऊन तो आमच्या अंगणात उभा राहिला. गाव जमला होता, मीही आले होते. त्याने सांगितलं, ओवी माझी, मीच रचली, व्याख्यान रंगवायला या घराचं नाव घेतलं, माफ करा. त्याचे कान लाल झाले होते. सासऱ्यांना माहीत होतं की हे खोटं आहे. सासूला माहीत होतं. जमलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण चारचौघांत सांगितलं गेलं, तेवढं बस होतं. सासरे म्हणाले, "झालं गेलं," आणि पागोटं नीट केलं.

सासू आतून पोर घेऊन आली. काटकुळं झालं होतं. "घे गो," म्हणाली. "आमच्यानं नाय जगायचं ते." मी तिथेच पायरीवर बसले, जिथून हाकललं होतं तिथेच, आणि पोराला अंगावर घेतलं. आधी त्याला ओढायचीही ताकद नव्हती. प्रोफेसर बघत होता. मी त्याला म्हटलं, "आता तोंड तिकडे करा." त्याने केलं.

वकील महाडात जाऊन गप्प बसणारे नव्हते. प्रोफेसर ओव्या घरी रचतात आणि बायकांच्या नावावर खपवतात, ही गोष्ट विद्यापीठापर्यंत गेली. पुस्तक छापायला जायचं होतं ते अडलं. मला कळलं तेव्हा मी गूळ खाल्ला.

काही वर्षांनी तो परत आला. सासू-सासरे तोवर गेले होते. बरोबर त्याचे गुरू होते, पांढऱ्या केसांचे. माझी लेक अंगणात भात वाळत घालत होती.

"बाई," तो म्हणाला, "आता तुमचं काही बिघडणार नाही. यांना एवढंच सांगा, ती ओवी तुमची होती."

"कुठली ओवी?"

त्याने म्हणून दाखवली. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी शेवटपर्यंत ऐकली.

"चांगली रचलीय तुम्ही," मी म्हटलं. "चहा घेता?"

दोघांनी चहा घेतला नाही.

ओवी माझीच होती. नवरा गिरणीत खोकून खोकून गेला, आणि तो पाहुणाही गेला असं ऐकलं. माझी लेक जगली. ती बिरवाडीला असते.