आजोबांची घागर आणि सुपडूमामाचा बिल्ला

माझे आजोबा वारल्यानंतरच्या दुसऱ्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तहानलेले राहिले, आणि त्याला जबाबदार मी आहे.

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. टाळलं म्हणजे गप्प बसलो असं मात्र नाही. आमच्या घरात ही गोष्ट दर आखाजीला, आमरसाच्या दुसऱ्या वाटीनंतर, सांगितली जातेच. फक्त त्या गोष्टीत पाणी पळवणारा असतो सुपडू खिडक्यावाला. सगळे पोट धरून हसतात आणि सगळ्यात मोठ्याने हसतो मी. वर दरवर्षी थोडा मीठमसालाही मीच घालत आलो. (सुपडू घागर तोंडाला लावून घटाघटा प्यायला, हा तपशील माझा. साफ खोटा!) यंदा माझ्या नातवाने घरी आलेल्या पाहुण्यांना तीच गोष्ट सांगितली, घागरीसकट, घटाघटा आवाजासकट. पाहुणे हसले. माझा आमरस मात्र घशाखाली उतरेना. म्हणून आता खरं काय ते लिहून टाकतो.

ते दिवस राज्यांच्या जोडातोडीचे होते. आमच्या ताईचं लग्न मलकापूरला झालं तेव्हा आमचं बऱ्हाणपूर आणि मलकापूर एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर. वर्ष उलटायच्या आत मलकापूर मुंबईकडे गेलं, आम्ही भोपाळकडे गेलो, आणि ताई स्वयंपाकघरातून न हलता परराज्यात गेली! आई तर नव्याने रडली. "पोरगी दिली तेव्हा कुठं ठाऊक होतं, मधे सरहद्द येईल म्हणून!"

आमचे वडील, म्हणजे दादा, गावच्या पाणी खात्यात निरीक्षक होते. नवं राज्य, नवे साहेब, त्यामुळे दादांचा उत्साहही नवा. त्या उन्हाळ्यात पाणी आटलं आणि दादांनी इतवारा मोहल्ल्यापासून थेट वेशीपर्यंत डवंडी पिटवली: कुंडीचं (म्हणजे गावच्या जुन्या भुयारी कालव्याचं) आणि नळाचं पाणी फक्त पिण्यासाठी. कामाधंद्याला पाणी लागलं तर ते तापीवरून आणायचं. गवंडी असो, रंगारी असो, खिडक्या पुसणारा असो, त्याने दादांकडून पितळी बिल्ला घ्यायचा आणि घाटावरून कावड भरायची. पिण्याच्या पाण्याला कामासाठी हात लावलेला दिसला की बिल्ला जप्त. बिल्ला गेला की धंदा गेला.

हा नियम गावाला उन्हाळ्यात लागू झाला. आमच्या घरात तो बारमाही होता. तुळशीला तांदळाचं धुवण. अंघोळीला अर्धी बादली. चूळ भरताना जास्त वेळ गालात पाणी फिरवलं तरी दादा खाकरायचे.

तर त्या आखाजीला ताई, जावई आणि व्याही यायचे होते. लग्नानंतरची पहिलीच आखाजी! व्याही म्हणजे बोलण्यात मिरची. त्यांना बसवायचं कुठं? तर माडीवरच्या खोलीत. तिथे रस्त्याच्या बाजूला चांगल्या उंच काचेच्या खिडक्या होत्या. पण वैशाखातली धूळ आणि जिनिंगचा उडता कापूस यांनी काचांवर असा काही लेप दिला होता, की त्यातून सूर्यसुद्धा चौकशी करून आत यायचा.

"सुपडूला बोलाव," दादा म्हणाले.

सुपडूमामा हा गावातला एकुलता एक खिडक्या पुसणारा. कचेरी, शाळा, कारखानदारांचे बंगले, सगळ्यांच्या काचा त्याच्या हातच्या. काटक अंग, मोठ्या मिश्या, खांद्यावर शिडी. (तो तिला निसनी म्हणायचा आणि तिच्याशी बोलायचासुद्धा.) पितळी बिल्ला त्याने गळ्यात, ताईताशेजारी बांधला होता. सकाळी तो तापीवरून कावड घेऊन आला, घामाने निथळत. दोन्ही डबे अंगणात टेकवले आणि म्हणाला, "साहेब, पाहून घ्या. तापीचंच हाये. गाळ बी दिसून राहिला."

दादांनी वाकून गाळ पाहिला. समाधानाने मान हलवली. "आधी भाकर खाऊन घे सुपडू, मग चढ. उपाशी माणूस शिडीवर नको." आणि ते बाजारात डांगर, म्हणजे आपलं खरबूज, आणायला गेले. आखाजीला पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात आणि तिच्यावर डांगर ठेवतात. ते डांगर दादा जावयापेक्षा जास्त पारखून घ्यायचे.

सुपडूमामा मागच्या निंबाखाली भाकर खायला बसला. अंगणात उरलो मी, कावडीचे दोन डबे आणि माझी सायकल.

सायकल नवी होती. मी त्याच वर्षी एका पेढीवर कारकून म्हणून लागलो होतो, आणि पाहुण्यांना घ्यायला स्टेशनवर मी टांग्याच्या पुढे सायकलवरून जाणार होतो. आता तुम्हीच सांगा, व्याह्यांपुढे धुळीने माखलेली सायकल शोभेल का? मी विचार केला, चाकांपुरतं चार ओंजळी पाणी घ्यावं. चाकं चमकली तर दांडा मळका दिसायला लागला. दांडा धुतला तर घंटी रुसली. साबण लावला, साबण धुवायला पाणी लागलं. मग साबणाचे ओघळ धुवायला पाणी लागलं! भानावर आलो तेव्हा सायकल नवरीसारखी उजळली होती आणि दोन्ही डब्यांत तळाचा गाळ तेवढा शिल्लक होता.

तापी लांब, ऊन रणरणतं, गाडी यायची वेळ जवळ. नळाला हात लावायची छाती नव्हती. कुंडीचं पाणी म्हणजे तर दादांच्या डोळ्यांतली बाहुली! मी घरात शिरलो. माजघराच्या कोपऱ्यात एक कोरी लाल घागर होती, काठोकाठ भरलेली, वर ओलं फडकं. आदल्या संध्याकाळी आई शेजारच्या काकूंच्या विहिरीवरून ती भरून आणताना मी पाहिली होती. पाहुण्यांना गार पाणी हवं म्हणून आणली असेल, अशी मी समजूत करून घेतली.

आणि मला, निरीक्षकाच्या मुलाला, कायदा सुचला! नियमात काय म्हटलंय? कुंडीचं नको, नळाचं नको. खाजगी विहिरीबद्दल अवाक्षर नाही! म्हणजे हे पाणी कामाला चालतं. मी गाळ ओतून टाकला, घागर डब्यात रिकामी केली, फडकं पुन्हा नीट झाकलं, आणि स्टेशनवरून आलो की भरून ठेवू असं ठरवलं. वडिलांचा नियम मोडला नाही याचा मला इतका आनंद झाला, की मी शीळ घातली.

सुपडूमामा हात पुसत आला. डब्यात फडकं बुडवलं आणि थबकला.

"भाऊ, हे पाणी थंडं कसं काय झालं?"

"सावलीत ठेवलं होतं मी."

"अन् गाळ?"

"बसला असेल खाली."

त्याने डब्यात पाहिलं. मग सायकलकडे पाहिलं. मिशी जराशी हलली. "बरं, निसनी धरजा," एवढंच म्हणून तो वर चढला. मी शिडी जेमतेम धरली, आणि गाडीची वेळ झाली म्हणून तशीच सोडून पळालो.

पाहुणे आले. परतताना व्याह्यांनी टांगा माझ्या सायकलशेजारी घ्यायला लावला. "आमच्या नात्यात एक मुलगी आहे," ते म्हणाले. "तुझं नाव सुचवायचं मनात आहे. मुलगा सरळ आहे ना, एवढंच पाहतो मी." हे ऐकल्यावर घागर कुणाच्या लक्षात राहणार?

माडीवरच्या काचा सुपडूमामाने अशा पुसल्या होत्या, की काचा आहेत असं वाटेचना! नुसतं आकाश, आणि त्यात समोरच्या घराचं कौलारू छप्पर. व्याही खूश झाले. "वा! हवेशीर खोली आहे," म्हणाले, आणि तोंडातला पानाचा मुखरस खिडकीतून रस्त्यावर टाकायला पुढे झाले.

खिडकी बंद होती.

पचकन आवाज आला. काचेवरून लाल ओघळ सावकाश खाली येऊ लागला, आणि नेमकं तेव्हाच मागच्या निंबाच्या झोक्यावर बसलेल्या ताईचं हसू वरपर्यंत ऐकू आलं.

"काच आहे होय," व्याही म्हणाले. त्यांचा चेहरा त्या ओघळाच्या रंगाचा झाला होता. दादांनी स्वतःच्या उपरण्याने काच पुसली. सुपडूमामा बिचारा फडकं घेऊन धावला तर दादा त्याच्यावरच खेकसले, "इतकी स्वच्छ कुणी पुसायला सांगितली होती?"

मग सगळे खाली आले. पाटावर गहू पसरलेले, दादा सोवळ्यात. त्यांना ती भरलेली घागर उचलून गव्हांवर ठेवायची होती. (पितरांची घागर तीच, हे मला या क्षणी कळलं. इतक्या उशिरा कळणारी गोष्ट देवाने कळवूच नये!) आई म्हणाली, "जपून हं, जड आहे. काकूंच्या विहिरीचं पाणी आहे. मामंजींना नळाचं पाणी कसं चालेल? त्यांच्या वेळी नळ कुठं होता!"

दादांनी पाय रोवले, श्वास रोखला, दोन्ही हातांनी जोर लावला, आणि रिकामी घागर सुटली ती थेट त्यांच्या हनुवटीवर! दादा मागे गेले, डांगर गडगडत व्याह्यांच्या पायाशी आलं.

व्याह्यांना पानाचा हिशेब चुकता करायचाच होता. ते डांगर उचलून म्हणाले, "काय व्याहीबुवा, भोपाळवाल्यांनी पितरांनाही पाणी बंद केलं का?"

आई ओरडली, "मी स्वतः भरली होती हो!" माजघरातून अंगणापर्यंत पाण्याचे थेंब सांडल्याची खूण होती. ती थेट सुपडूमामाच्या डब्याशी जाऊन थांबली. दादांनी डब्यात हात घातला. पाण्यावर काचांची धूळ तेवढी, तळाशी तापीचा गाळ नाही.

"सुपडू! हे तापीचं आहे?"

"साहेब, मी तापीचंच आणलं होतं. तुम्ही पाहिलं ना."

"मग हे कुठून आलं?"

सुपडूमामाने माझ्याकडे पाहिलं. "भाऊ होते इथं. भाऊले इचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दादांनी पाहिलं, आईने पाहिलं, व्याह्यांनी, म्हणजे सरळ मुलगा शोधणाऱ्या व्याह्यांनी, पाहिलं. अंगणात सायकल चकाकत होती. एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "मी तर स्टेशनवर होतो."

हे खरंच होतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

व्याही हसले. "डवंडी तुमची, अन् पितरांचं पाणी तुमच्याच खिडक्यांना!" दादांच्या हनुवटीवर टेंगूळ आलं होतं, पण खरा मार दुसरीकडे लागला होता. ते आवाज न चढवता म्हणाले, "सुपडू, बिल्ला काढ."

सुपडूमामाने गळ्यातली दोरी सोडली. ताईत राहिला, बिल्ला निघाला. तो त्याने पाटाच्या कडेवर ठेवला, शिडी खांद्यावर घेतली आणि तिला म्हणाला, "चाल बाई." आमच्याकडे त्याने वळून पाहिलं नाही.

आईने घाईघाईने घागर पुन्हा भरली, पण तोवर जेवायची वेळ टळली होती. आजोबा जेवणाच्या वेळेचे फार पक्के होते. ते थांबले असतील असं मला वाटत नाही.

माझं त्या मुलीशी लग्न झालं. सरळपणावर जमलेलं. (हे लिहिलेलं आधी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "सायकल इतकी कशी चमकते, हे मामंजींनी तेव्हाच तुम्हाला विचारायला हवं होतं.") पाऊस पडला, नियम सैल झाला. दादांना सांगेन सांगेन म्हणत राहिलो. आज त्यांचं डोकं दुखतंय, उद्या सण आहे, परवा साहेब येणार आहेत. दादा निवृत्त झाले तेव्हा बिल्ला त्यांच्या खणातून मी उचलला आणि एका रविवारी त्याच सायकलवर बसून दापोऱ्याला निघालो. सुपडूमामा तिथे केळीच्या मळ्यात कामाला लागल्याचं कळलं होतं. वाटेत दोन्ही बाजूंच्या केळींना मी माफीचं भाषण पुन्हा पुन्हा ऐकवलं. एकाही केळीने हरकत घेतली नाही.

मळ्याच्या कडेला त्याची झोपडी होती. शिडी छपराला टेकवलेली होती आणि तिच्या पायऱ्यापायऱ्यांवर गिलक्यांचा, म्हणजे घोसाळ्यांचा, वेल चढला होता. पिवळी फुलंही आली होती.

"अरे भाऊ! उन्हाचे आले? बसा, बसा." मिश्या पांढऱ्या झाल्या होत्या. त्याने घरातून तांब्या आणला. "घ्या. विहिरीचं हाये. नियमात बसते."

माझा हात खिशात बिल्ल्यावर होता. वाटेत इतकं घोकलेलं भाषण कुठल्या केळीपाशी सांडलं, कोण जाणे. मी म्हणालो, "मामा, त्या दिवशी तुम्ही काचा फार सुंदर पुसल्या होत्या."

सुपडूमामाने बांधाला लावलेल्या सायकलकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मिशी जराशी हलली.

"पाणी चांगलं होतं, भाऊ."

मी तांब्या एका दमात संपवला. माफी मागायला गेलो होतो. मागितलं ते आणखी एक तांब्या पाणी.