विमानाला गुळाचा निवद

मला वाट बघणं जमत नाही. चुलीवर दूध ठेवून कोणी लक्ष ठेवायला सांगितलं तरी मी दोनदा अंगणात जाऊन येतो. आणि वैमानिकाचं निम्मं आयुष्य जमिनीवर ताटकळण्यात जातं! नगरच्या मैदानावरची एक सकाळ आठवली की आजही माझा पाय आपोआप हलायला लागतो.

लढाई संपल्यानंतरचं दुसरं वर्ष. एका लहानशा कंपनीचं, लिलावात घेतलेलं दोन इंजिनांचं विमान मी चालवत होतो. त्या दिवशी नगरहून मुंबईला चारच प्रवासी होते. त्यांतले एक म्हातारे कापडवाले चाचा, बायको-मुलाबरोबर हजला निघालेले. ऐन वेळी ताप भरला म्हणून ते मागे राहिले आणि मुलगा आईला घेऊन आगगाडीनं पुढे गेला. "मी पोचलो न्हाई तर थांबू नका, बोटीत बसा," असं त्यांनीच निक्षून सांगितलं होतं. बोट त्याच दुपारची होती आणि त्या वर्षातली शेवटची.

उजाडताच मी विमान तपासलं आणि चहाला गेलो. परत येतो तर चाकांना हळदकुंकू, पंख्यांना झेंडूच्या माळा. खंडेनवमी होती. नांगराची, कोयत्याची, शिवणयंत्राची पूजा होते, मग मैदानाच्या राखणदारानं विमानाला कसं सोडावं? मी चरफडत माळा काढायला लावल्या, चाचांना माझ्या मागच्याच खुर्चीवर बसवलं आणि विमान सोडलं.

अर्धं मैदान मागे पडलं तरी वेगाचा काटा शून्यावरून हलेना. शेपूट उचललं गेलं, काटा ढिम्म. मी इंजिनांचा जोर उतरवला, ब्रेक दाबले. विमान बाभळींच्या जेमतेम अलीकडे थांबलं आणि माझं डोकं तडकलं.

"काय झालं?" चाचांनी विचारलं.

"वेग कळत नाही."

"इंजान तर चालतंय की. काटा न्हाई तर न्हाई. तुमी चला, साहेब."

मलाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू? पण घाटावर ढग होते, आणि वेग न कळता उतरताना चुकलो असतो तर पाचही जण संपलो असतो. "चाचा, गप बसा!" मी खेकसलो. ते बिचारे खाली उतरले.

मी काटा उघडून बघितला, जोडण्या चाचपल्या, लिलाववाल्यांना शिव्या घातल्या. मग विमानाच्या नाकाखाली वाकलो. तिथून एक बारीक नळी पुढे येते. तिच्यात वारा शिरतो आणि त्याच्या जोरावर काटा चढतो. नळीच्या तोंडाशी दोन मुंगळे चिकटून बसले होते.

"हे काय आहे रे?" मी राखणदाराला दरडावलं.

"सोंड हाय न्हवं ती? गणपतीवानी. निवद दावला," तो म्हणाला. "आमच्या गुऱ्हाळाचा गूळ हाय, साहेब. पडू नये म्हून मऊ करून आत सारला."

हसावं की त्याला झोडपावं, कळेना. गरम पाणी आणायला तोच धावला. मी नळीवर पाणी ओतलं, बाभळीच्या काट्यानं कोरलं, मग आत जाऊन नळीचं दुसरं टोक सोडवलं आणि तोंड लावून फुंकत राहिलो. राखणदार बाहेर नळीपुढे तळहात धरून उभा.

"हवा येतीय का?"

"न्हाई, साहेब."

पुन्हा फुंकायचं. चाचा तसबीहचे मणी ओढत विमानाभोवती फिरत होते, सावल्या आखूड होत होत्या, आणि माझे गाल दुखून आले होते. अखेर राखणदार ओरडला, "आली, आली! लई ग्वाड वास हाय!"

या खेपेला काटा चढला. इंजिनं जेवढी ताणता येतात तेवढी मी ताणली.

मुंबईच्या समुद्रावर आलो तेव्हा बोट बंदराबाहेर पडली होती. चाचांनी माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं. "तीच का?"

मी मान डोलावली. मला रडू येत होतं आणि राग कोणावर काढावा कळत नव्हतं. कुणाला न विचारता मी विमान खाली घेतलं आणि बोटीभोवती वळसा घातला. डेकवर माणसांची दाटी होती. इतक्या जवळ विमान आलेलं बघून सगळे हात हलवायला लागले. चाचांनी काचेला तळहात टेकवला.

"ती बी हालवीत आसंल हात," ते म्हणाले. "तिला काय ठावं, वर मी हाय म्हून."